तिकडं कोण विचारतंय, याचं उत्तर

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडमध्ये कुणाला विज्ञानातली पीएच.डी. मिळाली की गावाला आनंद होतो. चौकात फलक लागतो, शाल-श्रीफळ होतं, जाणती मंडळी चार शब्द बोलतात. कार्यक्रम उरकला की त्यांच्यातलंच कुणी त्या मुलाला बाजूला घेऊन सांगतं, ‘‘लेकरा, आता ते परदेशाचं डोक्यातून काढ. तिकडं आपल्या नांदेडच्या पीएच.डी.ला कोण विचारतंय? तिथं ओळख लागती, पैसा लागतो, आयआयटीचा शिक्का लागतो. त्यापेक्षा लातूरला तासिकेवर लाग. दोन-चार वर्षांत जागा निघतील.’’

सांगणारा माणूस वाईट नसतो. त्याला त्या पोराची आणि त्याच्या आईबापाची काळजी असते. पण हा सल्ला चुकीचा आहे आणि या भागातल्या कितीतरी हुशार मुलामुलींचं त्यानं नुकसान केलं आहे. मायेनं दिलेला सल्ला म्हणून तो आजवर कुणी खोडून काढला नाही. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन मला इथं उत्तर द्यायचं आहे.

आधी पोस्टडॉक म्हणजे काय ते सांगतो, कारण सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते परदेशातलं आणखी एक ‘शिक्षण’ वाटतं. पीएच.डी. झालेला माणूस दुसऱ्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं पगारावर संशोधन करतो, ते हे काम. तो फी भरत नाही, त्याला पैसे मिळतात. तिथं जायच्या वाटा मुख्यतः दोन. एखाद्या प्रयोगशाळाप्रमुखाला संशोधनासाठी अनुदान मिळालेलं असतं आणि त्यातून तो माणूस नेमतो, ही पहिली. दुसरी म्हणजे उमेदवारानं स्वतःच्या नावावर अभ्यासवृत्ती मिळवायची: युरोपातली मारी क्युरी, जर्मनीची हुम्बोल्ट, जपानची जेएसपीएस, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू. वाट कुठलीही असो, तिथल्या एका शास्त्रज्ञानं ‘हो, या माणसाला मी माझ्या प्रयोगशाळेत घेईन’ असं म्हणावं लागतं. बाकी सगळं त्यानंतर.

आता शिक्क्याचं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ची. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचं कार्यक्षेत्र. जगाच्या क्रमवारीत त्याचं नाव वरच्या पानावर नाही, हे खरं. पण त्यावरून ‘कोण विचारतंय’ हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी कोल्हापूरकडं पाहावं.

शिवाजी विद्यापीठ काही आयआयटी नाही. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातळ थरांवर, म्हणजे काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर चढवलेल्या अतिशय पातळ लेपांवर, वर्षानुवर्षं काम केलं. असे थर करायच्या श्रीमंत पद्धतींना निर्वात पोकळीची महागडी यंत्रं लागतात. यांनी निवडली रासायनिक पद्धत. चंचुपात्रात धातूच्या क्षाराचं द्रावण, त्यात अमोनिया, गंधक देणारं थायोयुरियासारखं संयुग, आणि बुडवून ठेवलेली काचपट्टी. तापमान, आम्लता आणि वेळ नीट सांभाळली की काचेवर थर चढत जातो. यंत्राला पैसा नव्हता म्हणून तिथल्या मुलांनी रसायनावर हुकमत मिळवली. १९९८ साली ‘थिन सॉलिड फिल्म्स’ या नियतकालिकात मँगनीज सल्फाइडच्या थरांवर एक निबंध आला. त्याच्या लेखकांत लोखंडे आणि कोल्हापूरचेच पी. एस. पाटील आहेत, आणि त्यांच्या शेजारी बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेतल्या शास्त्रज्ञांची नावं. दोन वर्षांनी, २००० साली, राजाराम माने आणि लोखंडे या दोघांनी अशा रासायनिक पद्धतींचा सविस्तर आढावा ‘मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’मध्ये लिहिला. पुढं जगभरच्या शेकडो निबंधांनी त्याचा आधार घेतला.

त्याच सुमाराला दक्षिण कोरियानं विद्यापीठांतल्या संशोधनात पैसा ओतायला सुरुवात केली होती. ‘ब्रेन कोरिया २१’ ही त्यांची योजना १९९९ची. सौरघट, ऊर्जा साठवणारे सुपरकपॅसिटर यांवर काम करणाऱ्या तिथल्या प्रयोगशाळांना पातळ थर हाताळता येणारी माणसं हवी होती. कोल्हापूरची मुलं गेली. एक गेला, त्याचं काम पाहून दुसऱ्याला बोलावणं आलं, मग तिसऱ्याला. माने यांनी सोलच्या हानयांग विद्यापीठात सुंग-ह्वान हान यांच्यासोबत काम केलं, आणि नंतर ते आले कुठं? आपल्या नांदेडला, याच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संकुलात. ज्या विद्यापीठाला तिकडं कोण विचारतंय असं आपण म्हणतो, त्याच्याच आवारात या प्रश्नाचं उत्तर आहे. मुरुडहून नांदेडची बस पकडून भेटायला जाता येतं.

गुळाची ढेप घेणारा व्यापारी आधी कणी मोडून तोंडात टाकतो, गुऱ्हाळ कुणाचं ते मागून विचारतो. कोरियातल्या त्या प्रयोगशाळांनी तेच केलं. त्यांना थर कसा चढवायचा ते माहीत असलेला हात हवा होता. कोल्हापूरचा शिक्का त्यांच्या आड आला नाही.

यावर एक प्रतिप्रश्न येईल आणि तो रास्त आहे. कोल्हापुरात लोखंडे होते, आमच्या मार्गदर्शकाचं तसं नाव नाही, मग? नाव नसेल तर काम हवं, आणि इथं आपण मुलांना फसवलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमानुसार प्रबंध सादर करण्याआधी निदान एक शोधनिबंध छापून आलेला असणं सक्तीचं होतं. त्या सक्तीतून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला आणि आपल्याकडच्या कित्येक मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला स्वतःहून त्या बाजारात नेऊन सोडलं. २०२२च्या नियमांनी ती सक्ती काढली, पण सवय गेली नाही. परदेशातला प्रमुख तुमचा अर्ज उघडतो तेव्हा आधी निबंधांची यादी पाहतो. अशा नियतकालिकांतले दहा निबंध त्याला दिसले की तो पुढं वाचत नाही. एकच असेल, पण खरा असेल, तर थांबतो. युरोपातल्या एम्बो या जीवशास्त्राच्या संस्थेच्या अभ्यासवृत्तीला पहिला लेखक म्हणून एक निबंध पुरतो. तो अजून छापून यायचा असला आणि खुल्या संग्रहावर मसुदा म्हणून ठेवला असला तरी चालतो. भारत २०१६पासून या संस्थेच्या युरोपीय परिषदेचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळं इथल्या मुलांना तो दरवाजा उघडा आहे. दहाच्या जागी एक. चार वर्षांत एक चांगला निबंध मुरुडचा मुलगा लिहू शकत नाही, असं म्हणायला मी तयार नाही.

आता ‘ओळख लागती’ याकडं येतो, कारण या एका वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे.

ओळख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वशिला येतो. आमदाराचं पत्र, संस्थाचालकाचा फोन, पाहुणेरावळे. इथल्या नोकऱ्या तशा मिळताना पाहिल्यामुळं तिथल्याही तशाच मिळत असणार, असं आपण धरून चालतो. पण कुठल्या शास्त्रज्ञाकडं किती पैसा आहे, कुठल्या प्रश्नासाठी आहे आणि तो किती सालापर्यंत पुरणार आहे, हे तिकडं जाहीर असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांची ‘रिपोर्टर’ नावाची नोंदवही कुणीही फुकट उघडू शकतो: प्रमुखाचं नाव, विद्यापीठ, रक्कम, अनुदान संपण्याची तारीख, प्रकल्पाचा सारांश, सगळं तिच्यात आहे. जर्मनीच्या संशोधन परिषदेची तशीच नोंदवही ‘गेप्रिस’, युरोपीय संघाची ‘कॉर्डिस’. युरोपीय संशोधन परिषद दरवर्षी नवीन अनुदानं जाहीर करते. ज्या तरुण शास्त्रज्ञाला पाच वर्षांसाठी दीड दशलक्ष युरोपर्यंतचं पहिलं अनुदान नुकतंच मिळालं आहे, त्याला पुढच्या काही महिन्यांत माणसं नेमावीच लागतात. त्याची प्रयोगशाळा नवी, त्याचे जुने विद्यार्थी नाहीत, ओळखीची रांग दाराशी लागलेली नाही. त्याला लिहा. जाहिरात निघालेल्या जागा हव्या असतील तर युरोपच्या ‘युरॅक्सेस’वर रोज पाहता येतात. लातूरच्या खोलीवर बसून, हातातल्या मोबाइलवर, हे सगळं दिसतं.

आणि जी ओळख खरोखर लागते, ती कामातून करता येते. चार वर्षं ज्यांचे निबंध वाचून तुम्ही प्रबंध लिहिला, ते पंधरा-वीस लोक तुम्हाला माहीत आहेत. त्यांना तुम्ही माहीत नाही, कारण तुम्ही कधी लिहिलंच नाही. त्यांच्या निबंधातली एखादी आकृती समजली नाही तर विचारावं. त्यांची पद्धत तुमच्याकडं वेगळा निकाल देत असेल तर कळवावं. २०२२च्याच नियमांत असंही आहे की प्रबंधाच्या बाहेरच्या परीक्षकांपैकी एक शक्यतो परदेशातला असावा. याचा अर्थ पाहा. परदेशातला एक तज्ज्ञ तुमचा अख्खा प्रबंध वाचणार, अशी तरतूद नियमातच आहे! याहून मोठी ओळख कुठली? पण आपल्याकडं परीक्षकांची यादी करताना ‘लवकर अहवाल देणारा’ आणि ‘आपला माणूस’ एवढंच पाहिलं जातं, आणि ती संधी कागदावर राहते.

मग पत्र. आपल्या मुलांनी परदेशी पाठवलेली कितीतरी पत्रं मी वाचली आहेत. बहुतेकांचा मजकूर एकच. आदरणीय सर, आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे, मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे, कृपया संधी द्यावी. तेच पत्र दोनशे जणांना, त्यातल्या बाईंनाही ‘सर’ म्हणून. उत्तर येत नाही आणि मुलगा म्हणतो, बरोबर आहे गावातल्या काकांचं, तिकडं ओळख लागती.

पत्रात विनवणी नको, प्रश्न हवा. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आपल्यासाठी ती माणसं गमावल्याची तारीख आहे. पण भूविज्ञानात तो भूकंप आणखी एका कारणासाठी वाचला जातो: खंडाच्या ज्या आतल्या भागाला स्थिर समजलं जात होतं, तिथं, बेसाल्टच्या थराखाली, तो झाला. अमेरिकेच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेतले लिओनार्डो सीबर आणि त्यांच्यासोबत आयआयटी कानपूरचे संशोधक यांचा त्यावरचा निबंध १९९६ साली आला. हा भूकंप घडवणारा खडकातला भंग नवा आहे की जुना, हाच त्यांचा प्रश्न होता. आज भूशास्त्रात पीएच.डी. केलेल्या औशाच्या किंवा मुरुडच्या मुलानं जगातल्या अशा स्थिर प्रदेशांवर काम करणाऱ्या कुणाला लिहिलं की मी त्या भागातला आहे, तिथल्या विंधन विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी मी प्रबंधासाठी जमवल्या आहेत, तुमच्या अमुक निबंधातली पद्धत या नोंदींना लावून पाहायची आहे, लावल्यावर काय दिसेल असं मला वाटतं ते खाली चार ओळींत लिहिलं आहे, तर त्या पत्राला उत्तर न देणारा शास्त्रज्ञ मला दाखवा. असतीलही काही. पण दहांतले दोन-तीन उत्तर देतील, आणि आपल्याला हवा असतो एकच.

ही गोष्ट आपल्या मुलांना जड का जाते? लातूर पॅटर्ननं आपल्याला पुष्कळ दिलं. मेडिकल, इंजिनिअरिंगच्या याद्यांत या जिल्ह्याचं नाव आलं ते उगाच नाही आणि त्यामागच्या शिक्षकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्या पॅटर्नमध्ये प्रश्न दुसरा कुणी काढतो, उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि शेवटी गुणवत्ता यादी लागते. दहावीपासून नेटपर्यंत आपली मुलं यादीत नाव शोधायला शिकली. पोस्टडॉकला अभ्यासक्रम नाही, प्रश्नपत्रिका नाही, यादी लागत नाही. प्रश्न आपणच काढायचा असतो आणि तो महत्त्वाचा का आहे हे दुसऱ्याला पटवायचं असतं. ही सवय पीएच.डी.च्या पहिल्या वर्षापासून लावली पाहिजे, आणि ती लावणं हे मार्गदर्शकाचं काम आहे.

मार्गदर्शकांना यापुढचं थोडं कठोर बोलतो. परदेशातला प्रमुख शिफारसपत्रं मागवतो, बहुधा तीन. आपल्याकडं विद्यार्थी शिफारसपत्र मागायला गेला की ऐकू येतं, ‘‘तूच लिहून आण, मी सही करतो.’’ तो बिचारा जुन्या एखाद्याचं पत्र उतरवून आणतो. मग तिन्ही पत्रांत तीच विशेषणं, तीच वाक्यं, एकाच हातची. वाचणाऱ्याला हे पहिल्या परिच्छेदात कळतं. कित्येक जण शिफारस करणाऱ्याला गाठून दहा मिनिटं बोलतात आणि विचारतात, या मुलानं सगळ्यात अवघड अडचण कुठली सोडवली? त्यावर उत्तर देता आलं नाही तर विद्यार्थ्याची चार वर्षं पाण्यात गेली. ज्या सरांनी स्वतः पत्र लिहिलं नाही, त्यांना ‘तिकडं ओळख लागती’ असं म्हणायचा अधिकार नाही. त्या मुलाची ओळख करून देणं त्यांच्याच हातात होतं.

इंग्रजीचं भय एका वाक्यात संपवतो: पोस्टडॉकला साधारणपणे जीआरई किंवा टोफेल मागत नाहीत, समोरासमोरच्या बोलण्यात आपलं काम समजावून सांगता आलं पाहिजे, आणि ते पाच-सहा वेळा मित्रांसमोर बोलून येतं.

पैशाचं मात्र थांबून बोलायला हवं, कारण तिथं काकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. मारी क्युरीला, हुम्बोल्टला, जेएसपीएसला अर्जाची फी नाही, एक रुपयाही नाही. जेएसपीएस महिन्याला ३,६२,००० येन देते, वर जाण्यायेण्याचं विमानभाडं. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या श्रेणीत पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकला २०२४ साली वर्षाला ६१,००८ डॉलर होते आणि बरीच विद्यापीठं तीच श्रेणी पायाभूत धरतात. म्हणजे एकदा तिथं पोचलं की पोट भरतं. अडचण पोचण्याआधीची आहे. अमेरिकेच्या जे-१ व्हिसाची फी १८५ डॉलर, नोंदणीचे आणखी २२० डॉलर, मग तिकीट, मग पहिला पगार होईपर्यंतचं घरभाडं आणि अनामत. दोन-तीन लाख रुपये हातात लागतात, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ते नसतात. कित्येक मुलांची नेमणूकपत्रं याच ठिकाणी अडतात.

याला उपाय आहे आणि तो गावात आहे. आपल्या पतसंस्था ट्रॅक्टरला कर्ज देतात, लग्नाला देतात. सप्ताहाला, जयंतीला आपण काही दिवसांत लाखोंची वर्गणी उभी करतो. ज्या मुलाच्या हातात परदेशी विद्यापीठाचं नेमणूकपत्र आहे, पगाराचा आकडा ज्यात छापलेला आहे, त्याला वर्षभराच्या मुदतीवर तीन लाख देणं यापेक्षा सुरक्षित कर्ज कुठलं? सत्काराच्या शालीऐवजी हे करा. त्याच वेळी, लाख-दोन लाख घेऊन ‘हमखास पोस्टडॉक’ मिळवून देतो म्हणणाऱ्यांना गावात पाय ठेवू देऊ नका. नेमणूक शास्त्रज्ञ करतो, दलाल करत नाही. जो पैसे मागतो तो फसवतो आहे.

आता सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग. ‘आधी तासिकेवर लाग, मग बघू.’ मला सगळ्यात घातक हाच वाटतो, कारण तो सोयीचा वाटतो. वरिष्ठ महाविद्यालयांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, राबणारी या भागातली मुलं मला माहीत आहेत. ठरलेल्या तासांचे पैसे, तेही मिळतील तेव्हा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. त्यांचं शिकवणं मोलाचं आहे, त्यांना मिळणारी वागणूक अन्याय्य आहे, आणि कायम जागा भरा ही त्यांची मागणी मी मनापासून मान्य करतो. पण परदेशी अभ्यासवृत्त्यांना वेळेची मर्यादा असते, हे त्यांना कुणी सांगत नाही. हुम्बोल्टची पोस्टडॉक अभ्यासवृत्ती पीएच.डी.नंतर चार वर्षांपर्यंत. जेएसपीएस सहा वर्षांपर्यंत. मारी क्युरीला संशोधनाची आठ वर्षं. पदवीच्या तारखेपासून हे मोजलं जातं, आणि सीएचबीवर जागा निघायची वाट पाहण्यात पाच वर्षं सहज जातात. प्रयोगशाळा सुटलेली असते, नवा निबंध नसतो, आणि मग ‘बघू’ म्हणायला काही उरत नाही. आधी परदेश आणि मग इथली नोकरी, हा क्रम जमतो. उलटा क्रम बहुतेकांना जमत नाही.

‘‘पण परत येऊन त्याचा उपयोग काय? इथं डोनेशनवाल्यालाच जागा.’’ खाजगी संस्थांतल्या भरतीत पैसा चालतो हे या भागात उघड बोललं जातं आणि ते नाकारायचं मला कारण नाही. पण ज्याच्याकडं द्यायला पैसा नाही, त्याला सीएचबीवर बसूनही ती जागा मिळणार नाही. उलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला बोलवायच्या यादीचं गुणपत्रक छापलेलं आहे. त्यात अध्यापन आणि पोस्टडॉक यांचा अनुभव एकाच ओळीत आहे: वर्षाला दोन गुण, जास्तीत जास्त दहा. विद्यापीठांसाठीही तसंच, महाविद्यालयांसाठीही तसंच. शोधनिबंधांना निराळे गुण, प्रत्येकी दोन. म्हणजे दोन वर्षं तासिका केलेल्याला जेवढे गुण, तेवढे दोन वर्षं जपानमध्ये संशोधन केलेल्याला, आणि निबंधांचे वर. परत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी अभ्यासवृत्ती आहे, रामानुजन अभ्यासवृत्ती आहे. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी १९६९ साली मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून पीएच.डी. केली, इंग्लंडमध्ये सॅलफर्डला गेले, आणि १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परत आले. हा रस्ता तेव्हापासून दोन्ही बाजूंनी चालू आहे.

मुलींना दिला जाणारा सल्ला आणखी वेगळा असतो. त्यांना कुणी ‘कोण विचारतंय’ म्हणत नाही. ‘लग्नाचं काय’ म्हणतात. आईबापाच्या काळजीशी मी भांडत नाही, पण माहिती पूर्ण असू द्या. मारी क्युरीच्या आठ वर्षांतून मूल सांभाळण्यासाठी घेतलेला खंड वजा होतो. हुम्बोल्ट सोबत येणाऱ्या नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी भत्ता देते. पीएच.डी.पर्यंत शिकवून मुलीला थांबवायचं असेल तर ‘तिकडं सोय नाही’ हे कारण देऊ नये.

चित्र गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. स्पर्धा तीव्र आहे. २०२४ साली मारी क्युरीला दहा हजारांहून जास्त अर्ज आले आणि सुमारे १,७०० निवडले गेले. २०२५ साली अर्ज १७ हजारांवर गेले. त्याचं एक कारण अमेरिका. तिथं २०२५मध्ये संशोधनाची अनुदानं रद्द झाली, मोठ्या विद्यापीठांनी नव्या नेमणुका रोखल्या, सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर झाला. तिथली माणसं युरोपकडं वळली. पोस्टडॉकला बहुधा लागणारा जे-१ व्हिसा निराळा आहे, आणि डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेनं आपल्या कौशल्य यादीतून भारताचं नाव काढल्यानं, त्या यादीमुळं दोन वर्षं मायदेशी राहण्याची जी अट लागत होती ती आपल्या मुलांसाठी गेली. तरीही आज मला कुणी विचारलं तर फक्त अमेरिकेवर विसंबू नको, जपान, कोरिया, जर्मनीकडं आधी पाहा, असंच मी सांगेन. पोस्टडॉक ही कायम नोकरी नाही, दोन वर्षांचा करार संपला की पुन्हा शोध सुरू होतो, हेही मुलानं जाण्याआधी समजून घ्यावं. पण अवघड आहे म्हणणं वेगळं आणि आपलं काम नाही म्हणणं वेगळं. २०२४ साली सहा अर्जांतला एक निवडला गेला; अशा स्पर्धेला घाबरावं असं नीटच्या गावानं तरी म्हणू नये.

राहिली एक अडचण, आणि ती परदेशातली नाही. मारी क्युरीचे अर्ज साधारणपणे सप्टेंबरात बंद होतात आणि त्या तारखेच्या आत प्रबंधाची मौखिक परीक्षा यशस्वी झालेली असावी लागते. आपल्याकडं प्रबंध सादर होतो, आणि मग परीक्षकाचा अहवाल, समितीची तारीख, अधिसूचना यांत किती महिने जातील याचा भरवसा नसतो. मौखिक परीक्षा ऑक्टोबरात गेली की वर्ष गेलं. प्रबंध सादर केल्यापासून सहा महिन्यांत ही सगळी प्रक्रिया पूर्ण करावी, असं अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि मौखिक परीक्षा ऑनलाइन घेण्याचीही त्यात मुभा आहे. ज्यांचा प्रबंध दाखल होऊन चार महिने उलटले आहेत, त्यांनी त्या कलमाचा हवाला देऊन विद्यापीठाला लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी. आणि गावात सत्काराला स्टेजवर बसणाऱ्या जाणत्यांपैकी जे अधिसभेवर, विद्वत् परिषदेवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत एक प्रश्न विचारावा: सहा महिन्यांची मुदत उलटून गेलेले किती प्रबंध आज पडून आहेत, आणि कुणाच्या टेबलावर?